पिंपांना सांगायचं राहिलं

हाफनरच्या घरावर तारा टांगायचं काम सदतीस वर्षं वेन्झलचं होतं. त्या शुक्रवारी सकाळी ते त्याच्या बायकोने, सेंझीने केलं. लांब काठी, काठीला आकडा, आकड्याला सहा टोकांचा लाकडी तारा आणि ताऱ्याच्या मधोमध फरची ताजी डहाळी. दोनदा तारा निसटला. तिसऱ्यांदा दारावरच्या लोखंडी दांड्यात अडकला आणि वाऱ्यावर हलत राहिला. समोरची बेकरीवाली पिठाचे हात पुसत बघत उभी होती. एरवी तिची जीभ क्षणभर स्वस्थ बसत नसे. आज ती काहीच बोलली नाही, आणि सेंझीला तेच जास्त लागलं.

तारा बाहेर म्हणजे बियर आत, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. बियर करायचा हक्क फक्त पाच घरांना, आणि तो माणसाचा नाही, घराचा. नदीकाठच्या सामायिक भट्टीत प्रत्येक घर आपापल्या दिवशी माल शिजवतं, टाकीत भरून घरी आणतं, आपल्याच तळघरात मुरवतं. पाळी आली की शुक्रवार ते सोमवार बैठकीच्या खोलीत लोकांना बसवून पाजतं. पूर्वी अशी सहा घरं होती. खोगीरवाल्याच्या घरातला म्हातारा गेला, एक पाळी चुकली, मग दुसरी चुकली. आता त्याच्या दारावरच्या दांड्याला जिरॅनियमची कुंडी लटकते.

वेन्झलला जाऊन सतरा दिवस झाले होते. तो गेला स्वयंपाकघरात. बाकावर बसून त्याने एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तसाच भिंतीला टेकला. सेंझी पाठमोरी कांदा चिरत होती. "चिखलाचे बूट घेऊन फरशीवरून जाऊ नकोस," असं ती म्हणाली. त्याने ते ऐकलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. त्यानंतरचं सगळं बोलणं इतरांनी केलं. काय झालं ते डॉक्टरने सांगितलं, पाद्रीबाबांनी घंटा वाजवली, रेगेन्सबुर्गहून आलेल्या एडिथने, तिच्या मुलीने, पेपरातली निधनाची चौकट लिहून दिली. सेंझीला कुणापाशी काही सांगावं लागलंच नाही. लोक आधीच सगळं ठाऊक असलेला चेहरा घेऊन यायचे आणि तिचा हात दाबायचे.

एकट्या वाल्बुर्गा आत्याने काहीतरी विचारलं होतं. आत्या म्हणजे वेन्झलच्या वडिलांची बहीण. एक्याऐंशी वर्षांची, लग्न न झालेली, याच घरात जन्मलेली आणि याच घरात वाळत गेलेली. वेन्झलला बाकावरून पलंगावर आणला तेव्हा तिने सेंझीची बाही धरली.

"खाली कोण गेलं सांगायला?"

"कुठे खाली?"

"तळघरात. पिंपांना."

घरचा कर्ता गेला की त्याच दिवशी गोठ्यात जाऊन गाईंना सांगायचं, मागच्या अंगणात मधमाश्यांना सांगायचं आणि तळघरात उतरून प्रत्येक पिंपावर तीन टकटका मारून त्यालाही सांगायचं: तुझा मालक गेला, आता मालक अमुक. सांगून झालं की पिंप जागचं थोडं सरकवायचं. नाही सांगितलं तर माल मालकामागे जातो, असं जुनी माणसं म्हणत. गाई केव्हाच विकल्या होत्या, मधमाश्या सासऱ्यांबरोबर संपल्या होत्या. उरली होती पिंपं.

"आत्या, लाकडाची पिंपं गेली, आता स्टीलची आहेत. त्यांना कान नसतात," असं सेंझी त्या दिवशी फटकन म्हणाली. म्हातारीने बाही सोडली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

खाली आठ पिंपं भरलेली होती. वेन्झलच्या हातची शेवटची बियर. दफनानंतरच्या जेवणात खालच्या आळीतला हार्टल तिच्याजवळ येऊन बसला. पाच घरांत तोच वयाने मोठा, पाळ्यांचा तक्ता त्याच्या खिशात.

"ही पाळी तू काढ, सेंझी. जमली तर उत्तम. नाही जमली तर वाईट वाटून घेऊ नकोस, तुझे दिवस आम्ही चार घरं वाटून घेऊ. सोमवारी बसून पुढच्या वर्षीचा तक्ता लिहायचाय."

तो प्रेमानेच बोलत होता. एडिथही प्रेमानेच म्हणाली, "आई, बंद कर आता हे. तुला कशाला ती दगदग?"

सेंझी "बघते" म्हणाली. तिचं माहेर नदीपलीकडचं, हक्क नसलेलं घर. या घरात आल्यापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीमागे उभी राहून सॉसेज कापत आली होती, मुळ्याच्या चकत्या करत आली होती. महिन्यातून चार दिवस पन्नास-साठ माणसांचा गलका तिच्या खिडकीवर येऊन आदळायचा. तारा उतरला तर या घरात काय राहणार होतं? दोन बायका आणि एक कुलूप लावलेलं तळघर. ते तिला नको होतं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण शुक्रवारी सकाळी सहा वाजता उठून फरची डहाळी तोडून आणली ती त्यासाठीच.

दहाच्या ठोक्याला ग्रेगोर आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, प्रत्येक ताऱ्याचा पहिला ग्लास आपलाच असं मानणारा. सेंझीने ग्लास गार पाण्यात विसळला, तिरका धरला, नळ एका झटक्यात पूर्ण उघडला. गेल्या वर्षी खांदा दुखायला लागल्यावर वेन्झलने तिला हे शिकवलं होतं. "कोरडा, कोमट ग्लास दिसला की बियर उसळते. आणि नळ अर्धा उघडणारा जन्मभर फेस पुसतो," हे त्याचं वाक्य.

नळातून फेस आला. ग्लासभर पांढरा, जाड, न हलणारा फेस. तिने तो ओतून दिला. पहिला घोट नळीतला असतो, तो फेकायचाच असतो. दुसराही फेस. तिसराही.

ग्रेगोरने समोर ठेवलेल्या ग्लासाकडे पाहिलं, मग गालावरून हात फिरवला. "सेंझी, मी घरून दाढी करून आलोय गं."

माणसं हसली. तीही हसली. अकरापर्यंत खोली भरली आणि हसू कमी झालं. तिने ग्लास भरून ठेवून फेस बसायची वाट पाहिली. बसला की तळाला तीन बोटं बियर, तीही मेलेली. बारा वाजता कुणीतरी हार्टलला बोलावून आणलं.

हार्टलने बाही वर केली. आधी नळीवरचा दाब उतरवला, पिंपातला जादा वायू सोडून दिला. नळाला हात लावून तो पुरेसा गार आहे ना ते पाहिलं. मग घरून बारीक नळीचं वेटोळं आणून मधे जोडलं. "आखूड नळीतून बियर धावत येते, धापा टाकत. लांब आणि बारीक नळीतून आली की दमून येते, गप बसते. वेन्झलला सांगून थकलो होतो मी."

"तेवढ्याच नळीतून त्याची सदतीस वर्षं नीट आली," सेंझी म्हणाली.

"त्याची गोष्ट वेगळी."

दोनच्या सुमाराला बियर आली, तांबूस, किंचित गढूळ, वर दोन बोटं फेस. हार्टल मान डोलवत गेला. वेटोळ्याचा गुण आला, असं सगळ्यांनाच वाटलं. चारनंतर नळ पुन्हा फेसाळला, तेव्हा पिंपाचा तळ आला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शनिवारी दहा वाजता पुन्हा फेस.

या वेळी हार्टल नळीशी खेळत बसला नाही. त्याने फेसात बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाला, "पिंप हलवलंस?"

"नाही."

"कुणीतरी हलवलंय. गाडीवरून आणलेलं पिंप लगेच उघडलं की असंच करतं. पिंप म्हणजे झोपलेलं मूल, सेंझी. एकदा हलवलं की पाच-सहा तास गेले."

"कोण हलवणार? कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

दुसरी किल्ली वेन्झलची. ती त्याच्या रविवारच्या जाकिटाच्या खिशात असायची, आणि ते जाकीट तिने त्याला शेवटचं घालायला काढून दिलं होतं. दफनानंतर चौथ्या दिवशी तिच्या हे लक्षात आलं. तेव्हा कबरीवरच्या फुलांचे हारही सुकले होते.

दोघं खाली उतरले. खडकात खोदलेलं तळघर, बावीस पायऱ्या, वर ऊन असो की बर्फ, खाली तोच ओलसर गारवा. आठ पिंपं भिंतीशी ओळीने उभी, कालचं रिकामं झालेलंही आपल्या जागी. वेन्झल ती नेहमी त्याच जागी ठेवायचा, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यामुळे ओल्या दगडावर प्रत्येक पिंपाखाली एकेक कोरडं फिकट वर्तुळ पडलेलं होतं. हार्टलने बॅटरी खाली धरली.

वर्तुळं रिकामी होती. आठही पिंपं वर्तुळाच्या डावीकडे वीतभर सरकलेली, अगदी सारखी. बाकावर नव्या माणसाला जागा करून द्यायला आठ जणांनी एकदम सरकावं, तशी.



"घरात कोण कोण असतं?" हार्टलने हळू विचारलं.

"मी आणि आत्या."

हार्टल अर्धवट हसला. आत्या म्हणजे केरसुणीची काडी. भरलेलं पिंप तिच्या निम्म्या वजनाहून जास्त.

"फरशीला उतार असेल," तो म्हणाला.

सेंझीने कोपऱ्यातल्या करंडीतून एक बटाटा उचलून फरशीवर ठेवला. बटाटा जागच्या जागी राहिला. हार्टलने तो पाहिला आणि वळला. पाहुण्याने मागून यायचं असतं, पण पायऱ्या तोच आधी चढला. वर गेल्यावर म्हणाला, "हात लावू नकोस आता त्यांना. आहेत तिथे राहू देत. आणि सेंझी, उद्या असं चालणार नाही. माणसं दोन दिवस हसतात. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ताऱ्याखाली जातात."

दुपारी बियर बसली. माणसं परत आली, खोली धुराने आणि बोलण्याने भरली. चारच्या सुमाराला सेंझी नळाशी होती. आत्या तिच्यासमोर, शेगडीजवळच्या बाकावर, कॉफीत पाव बुडवत बसलेली. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. आणि सेंझीच्या पायाखाली काहीतरी सरकलं.

स्टील दगडावर घासल्याचा आवाज. लांब, सावकाश. थांबला. पुन्हा आला. तिने न ठरवता मोजले. आठ.

पत्ते पिसणाऱ्यांपैकी कुणी मान वर केली नाही. आत्याने मात्र पाव बशीत ठेवला आणि फरशीकडे पाहिलं. दचकली नाही. यायचंच होतं ते माणूस आल्यावर दाराकडे पाहावं, तसं पाहिलं. त्याच क्षणी सेंझीच्या हातातला नळ खाकरला आणि ग्लासात पांढरा फेस थुंकला.

"झालं का परत सुरू?" ग्रेगोर ओरडला.

"नवं पिंप लावते," सेंझी म्हणाली आणि खाली गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत दिवा लावला. आठही पिंपं आपापल्या वर्तुळात उभी होती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तिने एकेकाच्या कडीला हात लावला. बर्फासारख्या कड्या. शेवटची कडी गार नव्हती. कुणाच्या हातातून नुकतीच सुटलेली कप-बशी असते, तेवढी उबदार होती.

ती तिथे बराच वेळ उभी राहिली. आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटत नव्हती. उलट, गेल्या अठरा दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले. मग वरून हाका यायला लागल्या आणि ती गेली. त्या संध्याकाळी कितीतरी माणसं अर्धा ग्लास टाकून उठली. जाताना "येतो, सेंझी" म्हणाली, "उद्या येतो" म्हणाली नाहीत.

रोज सकाळी साडेसहाला ती खाटकाच्या मागच्या दाराशी ताजी सॉसेजेस आणायला जायची. रविवारीही तिने पिशवी घेतली, दार वाजवून लावलं, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि अंगणातून परत येऊन तळघराच्या दाराशेजारी, लाकडाच्या ढिगामागे बसली. उजाडलं होतं. कौलांवर चिमण्या भांडत होत्या. दहा मिनिटांत आत्या आली. पायात लोकरी मोजे, बूट नाहीत, खांद्यावर शाल. तिने शालीतून किल्ली काढली.

"आत्या."

म्हातारीने वळून पाहिलं. पकडली गेल्यासारखी नाही, उशीर झाल्यासारखी.

"आलीस का शेवटी!"

"ही किल्ली कुठून आली तुमच्याकडे?"

"त्याच्या खिशातून. त्याला जाकीट मी घातलं. तू पाणी आणायला गेली होतीस. किल्ली कुणी मातीत घालतं का गं? दार त्याच्याच हाती राहतं मग."

"तुम्ही हलवता पिंपं? तुम्ही?"

"हलवत नाही, फिरवते. उचलायचं नसतं. काठावर तिरकं करायचं आणि तळव्याने फिरवायचं. सहा वर्षांची होते तेव्हापासून फिरवतेय. तू सॉसेज काप."

सेंझी लाकडांवर बसली. हसू आणि राग एकदमच वर आले. "अहो, म्हणून फेस येतोय! रोज सकाळी तुम्ही आठही पिंपं घुसळून ठेवता आणि मी दहा वाजता नळ उघडते. लोक उठून चाललेत. हार्टल उद्या तारा उतरवून घेणार. रोज कशाला? सांगायचं तर एकदा सांगायचं असतं ना?"

"एकदाच सांगितलं," आत्या म्हणाली. "तो गेला त्याच दिवशी. तू म्हणालीस कान नसतात, म्हटलं जाऊ दे, आपण सांगू. टकटक केली, सांगितलं, सरकवली. दुसऱ्या दिवशी बघायला गेले तर परत आपल्या जागेवर. म्हटलं, विसरले असेन. पुन्हा सरकवली. पुन्हा जागेवर. एकोणीस दिवस, पोरी. सकाळी मी सरकवते आणि दुपारी कॉफीच्या वेळी कुणीतरी परत लावतं. कॉफी पिऊन तळघरात एक फेरी, आठवतंय ना कुणाची सवय?"

सेंझीला आठवत होतं.

"मग वाटलं, तूच लावतेस," आत्या पुढे म्हणाली. "काल तू माझ्यासमोर नळ धरून उभी होतीस. दोघींनीही ऐकलं."

अंगणात चिमण्या अचानक गप्प झाल्या, किंवा सेंझीला तसं वाटलं.

"माझं ऐकत नाहीत," आत्या म्हणाली. "मी घरातली, घराची नाही. सांगायचं असतं पुढच्या मालकाने. आणि पिंपांचं काय घेऊन बसलीस! पिंपांना मी सांगितलं. त्यालाच कुणी सांगितलेलं नाही. त्याचा आपला रोजचा नेम चाललाय. त्याचं काही चुकतंय का? घरात कुणी म्हणालं का त्याला, की बाबा, तू गेलास?"

खरंच, तो शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. काल खाली खांदे सैल का झाले, हेही तिला कळलं, आणि ते कळणं तिला नको होतं. पुढच्या दाराकडून ताऱ्याच्या दांड्याचा कुरकुर आवाज येत होता. तो नेम चालू ठेवायचा, तर तारा उतरणार. तारा ठेवायचा, तर खाली जाऊन बोलायला हवं. दोन्ही मिळणार नव्हतं.

"काय म्हणायचं असतं?" तिने विचारलं.

"तुला ठाऊक आहे."

आत्या वर पायरीवर थांबली. सेंझी एकटी उतरली. पहिल्या पिंपावर तिने बोटांच्या पेरांनी तीन टकटका मारल्या. भरल्या पिंपाचा आवाज बद्द येतो, बंद दारासारखा. "मालक गेला. आता मालकीण मी," ती म्हणाली, आणि पिंप काठावर तिरकं करून वीतभर सरकवलं. जड होतं, पण आत्या म्हणाली तसं तळव्याने फिरलं. दुसरं. तिसरं. शब्द तेच, पण दर वेळी थोडे कमी खोटे वाटत गेले. सातव्यापर्यंत तिचे केस कपाळाला चिकटले होते.

आठव्यापाशी ती थांबली. तिथला गारवा वेगळा होता. कुणीतरी अगदी जवळ उभं राहून आपला श्वास धरला असावा, तसा. तिने टकटक केली नाही. पिंपाकडे पाहून बोलायचंही तिला जमेना, म्हणून ती त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहून बोलली.

"वेन्झल, तू मेलास. मंगळवारी सकाळी. एक बूट घातला होतास. मी कांदा चिरत होते, मागे वळून पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पण ते मला सांगितलं. तुला सांगायचं राहिलं." तिने नाक पुसलं. "आता पिंपं मी लावणार. तू हात लावू नकोस."

पिंपाच्या तोंडाशी वायूचा एक सुस्कारा सुटला, लांब, आणि विरला. झडप कधीकधी असा आवाज करते. तिने कडी धरून आठवं पिंप सरकवलं. भरलेलं असूनही ते तिला बाकीच्यांपेक्षा हलकं वाटलं, जणू दुसऱ्या बाजूनेही कुणी हात लावला होता.

प्रार्थना आटोपून साडेदहाला माणसं आली, कालच्या निम्मी. ग्रेगोर त्यात होता. हार्टलही, कोटाच्या आतल्या खिशात तक्ता घेऊन. सेंझीने टेबलांवर पाव, सॉसेज, कांदा घातलेलं चीज आणि मुळा मांडला.

"नळ दोन वाजता उघडेल," तिने सांगितलं.

मग ग्रेगोर म्हणाला, "अगं, पाद्रीबाबांनाही दहा वाजता त्यांचा घोट मिळाला. आमचंच काय पाप?"

हार्टल नळापाशी येऊन खालच्या आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तारा बाहेर आणि नळ बंद, असं या गावात कुणी केलेलं नाही. उतरव तरी तारा."

"उतरवणार नाही."

"मग ओत."

"आता ओतली तर फेस येईल. सकाळी पिंपं हलवलीत. आठही. मी स्वतः."

"तू?" हार्टल तिच्याकडे बघतच राहिला. "काल मी काय सांगितलं होतं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आज आहे. हलवायचीच होती ती, हार्टल. पुन्हा हलणार नाहीत. त्यांना बसू दे. तूही बस, खा काहीतरी."

तो बसला. रागाने नव्हे, भुकेनेही नव्हे. बहुधा काल दगडावर पाहिलेली रिकामी वर्तुळं आठवून बसला. कुणी उठून गेलं, कुणी राहिलं. बारा वाजले, एक वाजला. सेंझीने तीनदा पाव कापला. बाकावरून आत्या तिच्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती.

दोनच्या ठोक्याला तिने ग्लास गार पाण्यात विसळला, तिरका धरला आणि नळ पूर्ण उघडला. पहिला घोट मोरीत गेला. मग बियर आली, तांबूस, शांत, ग्लासाच्या कडेने घसरत. तिने शेवटी ग्लास सरळ केला. वर दोन बोटं फेस, मलईसारखा.

पहिला ग्लास ग्रेगोरचा. दुसरा तिने हार्टलपुढे ठेवला. त्याने निम्मा एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "पिण्याजोगी आहे." याहून चांगलं बोलल्याचं त्याच्याबद्दल कुणी ऐकलं नव्हतं. मग त्याने सोमवारची वाट न पाहता तक्ता काढला, टेबलावर सपाट केला आणि पेन्सिल जिभेला लावली.

"घर हाफनर. करणारा कोण लिहू?"

"करणारी लिही. क्रेसेंझ."

त्याने लिहिलं. पूर्ण नाव, सावकाश.

बातमी पसरायला अर्धा तास पुरला. खोली भरली, उभं राहायला जागा उरेना. चारच्या जरा आधी पिंप संपलं. सेंझी किल्ली घेऊन खाली गेली, दिवा लावला, रिकाम्या पिंपाची नळी सोडली. बाकीची सात सकाळी तिने ठेवली तिथेच होती. वर कॉफीची वेळ झाली होती. ती पहिल्या पायरीशी उभी राहिली आणि वाट पाहिली.

घासल्याचा आवाज आला नाही. तिने प्रत्येक कडीला हात लावला. आठही सारख्याच गार.

"वेन्झल?" ती म्हणाली.

तळघरात तिचाच आवाज फिरून आला. खडक होता, ओल होती, बटाट्यांची करंडी होती आणि काही नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. काल, परवा, एकोणीस दिवस जी भीती वाटली नव्हती ती आता एकदम पायांत शिरली. दिवा तसाच ठेवून ती पायऱ्या चढली, दोन-दोन एकदम, धापा टाकत.

वर आत्या दारातच होती. "काय होतं खाली?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आत्या."

म्हातारीने मान हलवली. "मग झालं," ती म्हणाली आणि तिच्यासाठी वाट सोडून बाजूला झाली.

आतून ग्रेगोर रिकामा ग्लास टेबलावर आपटत होता. "सेंझी! बियर आणायला गेलीस की करायला?"

नवं पिंप जोडायचं राहिलंच होतं. सेंझीने एप्रनला हात पुसले, किल्ली मुठीत घट्ट धरली आणि कठड्याला धरून बावीस पायऱ्या पुन्हा उतरायला लागली.